शेवटची सात मिनिटं

१२ डिसें., शुक्र.
ठाण्याहून आत्ता आलो. हरलो. शाळांची जिल्हा फुटबॉल फायनल, मुलींची. सात मिनिटं उरलेली, एक-शून्यने आपण पुढे. आणि कोच भोईर सरांनी माझ्या नातीला बाहेर बोलावलं! रेवाला! सबंध सामन्यात जिने बचावातून कुणाला पुढे सरकू दिलं नाही, तिला! तिच्या जागी कोण, तर दहावीतली सानिका, जी स्पर्धेत एकदाही मैदानात उतरली नव्हती. मग काय व्हायचं? रेवाच्याच बाजूने दोन गोल. चषक गेला. शीळफाट्यापर्यंत बसमध्ये एकही मुलगी बोलली नाही. मी बोलले. बरंच. सर पहिल्याच सीटवर होते. ऐकू देत.

१३, शनि.
पालक संघाच्या आपटेबाई सकाळीच दारात. सरांना काढा, असं मुख्याध्यापिकांना पत्र द्यायचंय. "काकू, तुमचं इंग्लिश कॉन्व्हेंटचं, तुम्हीच लिहा." लिहिलं. नन्सनी छड्या मारून शिकवलेलं एकदाचं कामी आलं. रेवा जेवली नाही. बूट गॅलरीत, मातीसकट.

१५, सोम.
शाळेत गेले. पत्र जायच्या आधी सरांना तोंडावर सुनावायचं होतं.
म्हणाले, "मॅडम, जी मुलगी खेळलीच नाही, तिच्या फॉर्मवर मी सही करत नाही." दहावीला खेळाचे जादा गुण मिळतात, तो फॉर्म. सानिकाचा पाय फायनलच्या आदल्या आठवड्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. फायनल हा शेवटचा चान्स.
"बाकीचे सर करतात की सही!"
"करतात."
"बरं, मग रेवालाच का? पुढे खेळणारी एखादी काढायची!"
"घाबरलो हो. घड्याळ बघितलं, आणि ती सगळ्यात जवळ उभी होती."
मोहने गावच्या कारखान्याच्या टीममधून खेळलेला माणूस, आणि हे! शुद्ध गाढवपणा. पण असं सरळ कबूल करणारा... चहा पाजला त्यांनी. घरून मनात जुळवून नेलेलं बोलणं अर्धंअधिक तसंच परत आणलं.

१७, बुध.
आपटेबाईंचा फोन. "काकू, एक वाक्य वाढवा ना. सर नेहमीच असं करतात, असं."
"मी एकच सामना पाहिलाय."
"अहो, कोण विचारतंय!"
वाक्य घातलं नाही. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात. माझी राहिलीय.

१८, गुरु.
उद्या दहाला मीटिंग. सर राहणार की जाणार, तिथेच ठरेल. रेवा त्यांच्याशी अजून बोलत नाही. आज बूट धुताना एकदम, "आजी, तू काय सांगणार?"
"पाहिलं ते. आणि ते म्हणाले ते."
"घाबरलो म्हणाले, तेही?"
"तेही."
"मग तर काढतीलच गं त्यांना."
बूट वाळत घातलेत. पत्र पर्समध्ये, सहीची जागा अजून कोरी.