इरम्माच्या आईची ओवी

येरमाळा, १९ जानेवारी २०२५

चि. शुभांगीस,

दगडाबाई आत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडं समदी खुशाल हायत, तुझी खुशाली वाचायला डोळे लागलेत.

तू म्हणशील, फोन असताना आत्या कागद का खरडती. त्याला कारण हाय. आमची आन इरम्माची भिंत एकच. फोनवर बोललं की अर्धं अमेरिकेत जातं आन अर्धं इरम्माच्या चुलीपुढं. आन सांगायचंय ते इरम्माबद्दलच. म्हणून वहीच्या पानावर लिहिती. आमची सून राजेश्वरी फोटो काढून तुला धाडंल. तिनं वाचलं तरी चालंल, कारण या भानगडीत तिचाबी हात हाय.

मागल्या महिन्यात इथं जवळच्या वाशीला आमच्या आराध्यांच्या मेळ्याचा कार्यक्रम झाला. येडामाईची गाणी म्हणत मला तीस वर्षं झाली, पण त्या दिवशी म्या एक नवं गाणं काढलं. नवं म्हंजे चाल नवी, बोल जुने. इरम्मा जात्यावर बसली की एक ओवी म्हणती, ती तू लहानपणी ऐकली असशील:

येरमाळ्याच्या वाटंला, लई आंब्याची साउली
लेक चालली सासरी, ईसाव्याला थांबली

तिच्या लग्नात तिच्या आईनं रचली, असं ती सांगती. आता बघ, आपल्या येडामाईची पालखीबी आमराईतच ईसाव्याला थांबती. माझ्या मनात आलं, इथं तर देवीच बसती! म्या लेकीच्या जागी आई घातली, आई चालली मिरवत, असं केलं, तुणतुणं आन हलगी लावली, आन बाया अशा नाचल्या की मांडव हालला. राजेश्वरीनं फोनवर काढून सगळीकडं धाडलं. खाली लिहिलं, येडामाईचं नवं आराधी गीत, गायिका आन रचना दगडाबाई. दोन लाख लोकांनी बघितलं म्हणं.

दोन लाखांत एक इरम्मा व्हती. त्या दिवसापास्नं ती बोलत न्हाय. त्रेचाळीस वर्षांत पयल्यांदा संक्रांतीला तिची शेंगाची पोळी माझ्या घरी आली न्हाय. दाराशी गेले तर कानडीत कायतरी पुटपुटली आन आत गेली. ती राग आला की कानडीत जाती, तुला ठावं हाय.

मला सांग, माझं काय चुकलं? गाणं का कुणाच्या मालकीची म्हैस हाय? तू गाण्यांच्या मुलखात राहती. तिकडं काय रीत हाय ते विचार आन निवाडा दे. भाकरी येती का आता गोल, का अजून श्रीलंकेचा नकाशा?

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आत्या,
दगडाबाई


नॉक्सव्हिल, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुमचं अक्षर पाहून घरी आल्यासारखं वाटलं. मातीच्या अभ्यासाचं माझं शेवटचं सत्र सुरू झालंय. भाकरी आता गोल होते, पण मध्ये भोक पडतं.

निवाडा देण्याइतकी मी मोठी नाही. पण माझ्या घरमालकीण विल्माबाईंना विचारलं. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, इथल्या डोंगरातल्या. तुमच्यासारखाच त्यांचाही गळा खणखणीत आणि स्वभाव तापट. शनिवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर गाणारे-वाजवणारे जमतात. मी कणकेचे लाडू घेऊन जाते, म्हणून मला जागा मिळते.

मला आजवर इथलं सगळं गावाकडचं गाणं एकच वाटायचं. विल्माबाईंनी कान उपटले. म्हणाल्या, माझी आजी भांडी घासताना, मक्याची कणसं सोलताना जे म्हणायची, ते फोक, म्हणजे लोकगीत. साथीला काही नाही, फक्त गळा. गाणं कुणी केलं ते ठाऊक नाही, आणि श्रोता असेलच असं नाही. ते ऐकलं आणि मला इरम्मामावशींचं जातं आठवलं. मग रेडिओ आला, शहरातली माणसं आवाज टिपायची मशीन घेऊन डोंगरात आली, तेव्हा त्याच गाण्यांना फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि गिटार मिळाली, आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्याचं नाव मिळालं. ते झालं कंट्री. त्यात घर सुटल्याचं दुःख, प्रेम, दारू, जुनी गाडी, सगळं येतं, पण समोर माणसं बसलेली असतात आणि गाणारा त्यांच्यासाठी गातो. आणि बँजो-मेंडोलिन ही तारांची वाद्यं घेऊन धावत्या लयीत, एकेकानं पुढं येऊन आपली करामत दाखवायची, ते ब्लूग्रास. तुमच्या मेळ्यात हलगीवाल्याची आणि संबळवाल्याची जुंपते ना, तसं.

तिथं एक काळे म्हातारे गृहस्थ येतात, बँजो वाजवतात. ते हसून म्हणाले, हे वाद्य आमच्या पूर्वजांबरोबर आफ्रिकेतून आलं, गुलामीत आलं. कापसाच्या रानात राबणाऱ्यांच्या हुंदक्यातून ब्लूज झालं, देवळातलं गाणं झालं, आणि त्यातलं कितीतरी कंट्रीत जाऊन बसलं. पण नाव सांगायची वेळ आली तेव्हा आमची नावं गळाली. हे सांगून ते पुन्हा वाजवायला लागले.

विल्माबाईंची एक सवय मला फार आवडते. गाणं सुरू करण्याआधी त्या सांगतात, हे मला माझ्या आजीकडून मिळालं, तिला अमक्या खोऱ्यातल्या अमकीकडून. गाणं कोणत्याही चालीत म्हण, म्हणतात, पण कुणाच्या हातून घेतलंस ते सांग.

तुमची भानगड मी त्यांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्या आईचं नाव काय होतं? आत्या, मला सांगता आलं नाही. लहानपणी इरम्मामावशींच्या हातची पुरणाची होळीगी किती खाल्ली, पण त्यांच्या आईचं नाव मला माहीत नाही. तुम्ही कळवाल का?

राजेश्वरीवहिनीला नमस्कार. रागवू नका, आणि रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

आपली भाची,
शुभांगी


येरमाळा, १६ फेब्रुवारी २०२५

चि. शुभांगीस,

आत्याचे आशीर्वाद. तुझं पत्र राजेश्वरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग आमी दोघी तोंडं पाडून बसलो.

मलाबी नाव ठावं न्हाय, पोरी. त्रेचाळीस वर्षं भिंतीला भिंत. ती नवी नवरी म्हणून आली त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं दुकानातली साखर उधळली तीबी मला आठवती. तिच्या आईला म्या दोनदा बघितलंय, कानडी शिवंवरच्या मुरूम गावाकडची, उंचीनं बुटकी, कपाळभर इभूत. पण तिला आमी समदी इरम्माची आईच म्हणायचो. गाणं घेतलं ते पुरतं घेतलं आन नावाचा पत्ताच न्हाय.

तरी दोन दिस म्या माझ्याच मनाशी भांडले. आपल्यातबी परकार हायतच की, मला काय ते कळत न्हाय? ओवी बसून म्हणायची, आराध उभ्यानं. ओवी लेकीसाठी, भावासाठी, आराध देवीसाठी, आन लावणी बघणाऱ्यासाठी. भारूड हसवून कान धरतं. हे समदं मी मेळ्यातल्या नव्या बायांना शिकवती. आन मीच लेक पुसून तिथं देवी बसवली. देवीला कमी का हाय? तिच्या नावाची हजार गाणी हायत. इरम्माच्या आईचं एकच व्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. इरम्मा तूर भरडत व्हती. मी उंबऱ्यातच बसले. म्हणाले, इरम्मा, तुझ्या आईचं नाव सांग. तिनं जात्याचा खुंटा सोडला. मग मराठीत म्हणाली, शिवगंगाबाई. मराठीत बोलली म्हणून मला रडू आलं आन आईचं नाव घेतलं म्हणून तिला.

पण इरम्मा ती इरम्मा. डोळे पुसून म्हणाली, माफी राहू दे, तू ती म्हणली ती चालच चुकीची. मी म्हणाले, अगं बाया नाचल्या. ती म्हणाली, नाचणारच, तू त्यांना पळवली. ही ओवी जात्याच्या फेऱ्यावर बसती. मूठभर दाणं टाकायला हात उचलला की तिथं दम तुटतो, तिथंच लेक थांबती. हात न चालवता तुला ते कळायचं न्हाय. बस, म्हणाली, आन खुंटा धर.

सहा दिस झाले, शुभांगे. रोज दुपारी मी तिच्या जात्यावर बसती. माझे खांदे गेले, तळहाताला फोड आलेत, आन तिची वर्षाची तूर फुकटात भरडून झाली. मला दाट संशय हाय की तिनं त्यासाठीच अट घातली. पण काल एका फेऱ्याला खरंच दम आपसूक तुटला, थांबली या बोलावर. इरम्मा नुसती म्हणाली, हं.

राजेश्वरी ते फोनवरचं चित्रण काढून टाकणार व्हती. मी म्हणाले नको काढू, दुरुस्त कर. आता तिथं शिवगंगाबाईचं नाव हाय. कुणीतरी खाली विचारलंय, ही कोण नवी गायिका?

विल्माबाईला सांग, तिच्या एका प्रश्नानं माझे खांदे मोडले.

आठवणीत ठेव, जवळ असल्यागत.

तुझी आत्या,
दगडाबाई


नॉक्सव्हिल, २ मार्च २०२५

तीर्थरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी ओसरीवर सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. तुरीची गोष्ट ऐकून विल्माबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. शिवगंगाबाई हे नाव त्यांनी चार वेळा म्हणून पाहिलं. नीट येत नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

मग मी त्यांना तुमचं वाशीचं गाणंही ऐकवलं. बँजोवाल्या आजोबांचा पाय थांबेना. तुणतुणं एका तारेचं आहे हे ऐकून त्यांनी हात जोडले, म्हणाले, एका तारेत एवढं? हे गाणं चुकीचं आहे असं त्यांना वाटलं नाही. दोन्ही ठेवा म्हणाले. एक बसून, एक उभ्यानं. पण जे आधीचं, ते आधी.

मला एक काळजी आहे. चैत्री पौर्णिमेला तुम्ही आमराईत गाणार. तिथं लाखो माणसं येणार. इरम्मामावशी लिंगायत, महादेवाच्या घरच्या, देवीच्या मेळ्यात त्या येतील का? त्यांना ओढू नका, आत्या. तुमचा उत्साह मला ठाऊक आहे. लहानपणी मला बळंच पोहायला ढकललं होतंत.

खांद्यांना तीळतेल चोळा. जीव लावलात तसाच लावत राहा.

आपली भाची,
शुभांगी


येरमाळा, २० एप्रिल २०२५

चि. शुभांगीस,

पोटभर आशीर्वाद. यात्रा पार पडली, आवाज बसलाय, म्हणून बोलायचं ते समदं कागदावर सांडती.

मी कुणाला ओढलं न्हाय. इरम्माला एकदाच विचारलं. ती म्हणाली, मी गर्दीत बसंन, मला बोलवू नको. म्हणून म्या कबूल केलं.

यात्रेच्या रितीपरमाणं लोकांची चुनखडी वेचून झाली, पालखी आमराईत आली. ऊन मी म्हणत व्हतं. झाडाखाली माणसाला माणूस चिकटलेला. आमचा मेळा उभा राहिला. म्या तुणतुणं खाली ठेवलं आन सांगितलं की आता जे म्हणणार ते माझं न्हाय, मुरूमकडच्या शिवगंगाबाईनं लेकीच्या लग्नात म्हणलेलं हाय, आन लेकीनं मला दिलं. हलगीवाल्याला हात केला, थांब. आन बसले खाली, मातीत, जात्याला बसावं तशी. एकदा ओवी म्हणाले. लोकांना वाटलं, ही बाई दमली.

दुसऱ्यांदा सुरू केली आन थांबली या बोलावर माझा गळाच थांबला. बसलेला आवाज, पार तुटला. तवा मागनं, गर्दीतनं इरम्मानं ओवी उचलली. न बोलवता. तिचा आवाज मोठा न्हाय, पण माणसं माना वळवून तिला हुडकाय लागली. मेळ्यातल्या बाया हातातल्या झांजा छातीशी धरून उभ्या.

ती संपली आन आमी आता उठणार, इतक्यात एक म्हातारी हात वर करून पुढं आली. तामलवाडीची, राजाबाई नाव. ऐंशीच्या पुढची. म्हणाली, बायांनो, ही तर माझ्या आईची ओवी! फकस्त आमच्यात तामलवाडीच्या वाटंला म्हणतात. आन तुमची अर्धीच हाय.

म्या मनात म्हणलं, झालं, आता इरम्माला काय वाटंल! त्रेचाळीस वर्षं ती सांगत आली की ही आईनं माझ्यासाठी रचली. मी इरम्माकडं बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा. राजाबाई मात्र आपली बसली आन म्हणायला लागली, बोळक्या तोंडानं:

थांबू नको माझ्या बाई, ऊन डोईवर आलं
तुझ्या पायाच्या वाटंनं, माझं काळीज चाललं

शुभांगे, हे आईचं उत्तर व्हतं. लेक ईसाव्याला थांबली, मागं बघितलं, आन आई म्हणती, थांबू नको. इरम्मानं हे कधीच ऐकलं नव्हतं. गर्दीतनं वाट काढत ती आली, राजाबाईच्या पुढ्यात बसली आन म्हणाली, पुन्यांदा म्हण. राजाबाईनं म्हणली. इरम्मा म्हणाली, आणखी एकदा. तिसऱ्यांदा ती आपणबी म्हणायला लागली. रडत न्हवती, सांगती तुला. हसत व्हती. मला म्हणाली, बघ दगडे, माझी आई किती हुशार! कुठनं तरी गाणं आणलं आन त्यात माझं गाव पेरलं. आन हा तुकडा तिनं मुद्दाम ठेवून घेतला, न्हायतर मी त्या दिवशी गाडीत चढले नसते.

मग ती उठली, पदर खोचला आन माझ्या मेळ्यातल्या बायांवर वराडली, उभ्या का राहिलाय, वाजवा! हलगी कडाडली. राजाबाईला दोघींनी धरलं. आई चालली मिरवत म्हणत समदी आमराई उठली, आन महादेवाच्या घरची इरम्मा सगळ्यांत पुढं, माझ्यापेक्षा दोन हात उंच उड्या मारत, येडामाईचा उदो उदो करत.

तिचा गुडघा आता सुजलाय. भिंतीपलीकडनं कण्हती आन मधीच गाती. मी हळद उगाळून ठेवलीय, ती घेऊन चालले, म्हणून इथंच थांबती.

दूर हाय म्हणून परकी होऊ नको.

तुझी आत्या,
दगडाबाई