तजवीदीला आठ दिवस पुरे

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
इमामसाहेब बावीस तारखेला बहिणीच्या लग्नाला बिहारला जाणार, दहा दिवस. तोवर नमाज कोण पढवणार? काल मशीद कमिटीत चर्चा. नियम असा की ज्याचं कुराणपठण सगळ्यांत शुद्ध, तो पुढे उभा राहतो. जाण्याआधी इमामसाहेब परीक्षा घेऊन ठरवणार. सगळे माझ्याकडेच बघत होते असं वाटलं. साहजिक आहे. चौतीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवलं, अर्ध्या मोताळ्याला 'पानी'चं 'पाणी' करायला लावलं. तजवीद, म्हणजे अरबी उच्चारांचे नियम, तेवढे राहिलेत. आठ दिवस पुरे.

बुधवार, ५ नोव्हेंबर
शिक्षक ठरवला: अल्तमश. फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पण हाफिज आहे, अख्खं कुराण पाठ. माझाच विद्यार्थी. चौथीत मराठीत बावीस मार्क. रोज दुपारी अर्धा तास, त्याच्या दुकानात.
आज त्याने लहान मुलांची अरबी अंकलिपी पुढे ठेवली. मी बाजूला सारली. तो म्हणाला, सर, बुनियाद पाहून घेऊ न एकदा. माझा बेस पक्का आहे, असं त्याला स्पष्ट सांगितलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
अरबीत 'ह' दोन. एक घशाच्या तळातून, दुसरा घशाच्या मधून. दुसरा आला नाही. कारण बायकोने, जहांआराने, वांग्यात तिखट जास्त घातलं होतं. घरी आल्यावर फर्मान काढलं, परीक्षेपर्यंत मिरची बंद. ती म्हणाली, मिर्ची तो चालीस साल से उतनीच है.

रविवार, ९ नोव्हेंबर
शिकवता शिकवता अल्तमश तीनदा 'पानी' म्हणाला. तीनदा थांबवून दुरुस्त केलं. अर्धा तास त्यातच गेला. तरी एकूण प्रगती उत्तम.

बुधवार, १२ नोव्हेंबर
मद्द. स्वर किती लांबवायचा ते बोटं मिटून मोजायचं. कुठे दोन, कुठे चार, कुठे सहा. चौथ्या बोटाला दम संपला. अल्तमश म्हणाला, सर, आवाज कमी करा, दम पुरते. मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज असा कमी होतो का? पंप घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने दारातूनच विचारलं, गुरुजीले काय झालं बे, अल्तमश?
उद्यापासून पहाटे चालायला जाणार. फुफ्फुसांसाठी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
गेलो नाही. थंडीने घसा बसतो.

रविवार, १६ नोव्हेंबर
आठ दिवस होऊन गेले. राहिलंय फक्त जाड अक्षरं, बारीक अक्षरं, नाकातून काढायचे सूर, थांबायच्या जागा आणि तो 'ह'. बाकी सगळं झालं.
इमामतीसाठी नवा कुर्ता शिवायला टाकला. मागे उभे राहणाऱ्यांना आपली पाठच दिसते, म्हणून टेलरला पाठीचं माप दोनदा घ्यायला लावलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
गुरुवारी इमामसाहेब दोघांचं पठण ऐकणार. एक मी. दुसरा कोण विचारलं तर अल्तमश खाली बघत म्हणाला, कमिटीनं माह्यंच नाव टाकलं सर, तुम्ही म्हणत असाल तर मी नाही येत. ये म्हटलं. त्यालाही अनुभव मिळू दे.
मला भीती वाटत नाहीये. जहांआराने दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३०
अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाल्यावर बसलो. आधी मी. अलहम्द म्हणालो, त्यात तोच दुसरा 'ह'. इमामसाहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. असं पाच वेळा. शेवटी त्यांनीच हाताने पुढे चला अशी खूण केली. अखेरच्या शब्दात सहा बोटं मोजायची होती, तिसऱ्याला खोकला आला. ते म्हणाले, गुरुजी, आवाज माशाल्ला बुलंद है.
मग अल्तमश. हाताचं ग्रीस धुऊन आला होता. अगदी हळू सुरू केलं. त्याच्या चुका टिपायला मी वही नेली होती. ती कोरी राहिली. अंगावर काटा आला, मग डोळे भरून आले. या पोराला मी चौथीत उच्चारावरून वर्गापुढे उभं केलं होतं आणि सगळी पोरं हसली होती. मीही हसलो होतो. आज फार लाज वाटली. तसं त्याला सांगायचं होतं, पण तोवर त्याला सगळ्यांनी गराडा घातला.

शनिवार, २२ नोव्हेंबर. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजेनंतर
अल्तमशने नमाज पढवली. कमिटीने मलाही एक जबाबदारी दिली: माईक. नमाजेआधी सुरू करायचा, संपल्यावर बंद करायचा. बटण कोणतं ते अल्तमशने दोनदा दाखवलं.
वेळेवर सुरू केला. वेळेवर बंद केला. अल्तमश वळून म्हणाला, सर, पैकीच्या पैकी.