तुझ्या वाटणीची माती

प्रिय बस्त्याव,

तुझ्या ऑफिसातली पोरगी आमच्या निकीला ईमेलवर ईमेल करते आहे. तिकडे तुझी शोकसभा कॉम्प्युटरवर भरवणार आहेत म्हणे, आणि मोठ्या बहिणीकडून दोन ओळी हव्या आहेत. गोड आठवणीच्या. निकी म्हणाली, "आजी, जस्ट समथिंग नाइस." माझ्याकडे नाइस काही नाही. जे आहे ते तुलाच लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चालवून घे. याहून वाईट अक्षरं वाचून तू पोट भरलंस.

तू वकील कधी झालास? लोक लंडनची डिग्री सांगतात. मला विचारशील तर तू वसईतच झालास, अर्ध्या चड्डीत. आपल्या बकरीने शेजारच्या इनासकाकाचा दुधीचा वेल फस्त केला. काका काठी घेऊन आला. बाबा हात जोडायला निघाला, तर तू पुढे. "काका, दोरी मोजा. एवढ्या दोरीने बकरी तुमच्या वेलापर्यंत पोचते का?" मोजली. नाही पोचली. काका डोकं खाजवत घरी गेला. काका यायच्या आधी त्या दोरीला गाठी मारून ती आखूड कोणी केली होती? आईने तुला आधी बदडलं, मग एक उकडलेलं अंडं जास्तीचं दिलं. तिथेच बिघडलास तू.

मग मामाच्या ओळखीने लंडन. दिवसा पावाच्या कारखान्यात, संध्याकाळी कॉलेजात. तुझ्या पत्रांना यीस्टचा वास यायचा. वकील झालास, कोट चढवलास आणि ऑफिस कुठे काढलंस, तर तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर. मी आले होते तेव्हा जिना चढता चढताच भूक लागायची. वर लोक प्लास्टिकच्या पिशव्यांत पासपोर्ट घेऊन बसलेले. कोणाची बायको अडकलेली, कोणाची आई.

एक सरदारजी आठवतो तुला? त्याच्या आईला व्हिसा नाकारला होता. एवढा दांडगा माणूस, पगडी हलेपर्यंत रडत होता. तू म्हणालास, "पाजी, हर रूल में एक दरवाजा होता है. ढूंढना मेरा काम है." आणि शोधलंस. म्हातारी आली, कोंबडीच्या वासातून जिना चढली आणि सगळ्यांसमोर तुझे दोन्ही गाल चिमटून गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, तुला लंडनला धाडायला बाबाने बाग गहाण टाकली ती फुकट गेली नाही.

तेवढ्यावर थांबला असतास तर?

पण तुला निवडणूक लढवायची होती. आधी नगरसेवक, मग थेट पार्लमेंट. प्रचाराला मलाही फिरवलंस, थंडीत, दारोदार. लहानपणी कुत्रं दिसलं की माझ्या परकरात शिरणारा तू, एका गोऱ्या बाईच्या लांडग्याएवढ्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत होतास आणि हसत होतास. मी मराठीत म्हटलं, "मेल्या, चावेल." तूही मराठीतच म्हणालास, "चावू दे, तीन मतं आहेत या घरात." हसणं तसंच चेहऱ्यावर.

निवडून आलास तेव्हा वसईत चर्चसमोर फटाके वाजले. मी इथे, वसईहून लांब आणि लंडनहूनही लांब, लेकीच्या, लीनाच्या घरी, टीव्हीसमोर. मागच्या बाकावर बसायचास, मी टकलावरून ओळखायचे. एकदा असंच बघताना कळलं की म्हाताऱ्या आईबापांना तिकडे आणणं अवघड करणारा कायदा झाला आणि तूही त्याच्या बाजूने उभा राहिलास. मी फोन केला. विचारलं, "आता त्या सरदारजीची आई आली असती का रे?" तू म्हणालास, "ताई, पक्षात राहायचं तर सगळंच आपल्या मनासारखं होत नाही." चौथी शिकलेलीला एवढं कळलं. न कळण्यासारखं होतं काय त्यात?

मग ही महामारी आली आणि तुझ्या किडन्यांनी तोच मुहूर्त धरला. या देशातून बाहेर पडायलाच इथल्या सरकारची परवानगी लागत होती. आमचा अर्ज परत आला. लीनाच्या ओळखीचा एजंट म्हणाला, भाऊ खासदार आहे ना, त्याच्या सहीशिक्क्याचं पत्र जोडा, मग बघू. मी तुला सांगितलं.

"ताई, अशी पत्रं मागणाऱ्यांना मी रोज नाही म्हणतो. बहिणीसाठी हो कसं म्हणू? पेपरवाले फाडून खातील."

"मरणाऱ्याला पेपरवाले काय करणार आहेत?"

"मी मरत नाहीये."

"मग एवढा हळू का बोलतोस?"

तू हसलास, खोकला येईपर्यंत. पत्र मात्र दिलं नाहीस. जगाच्या आयांसाठी दरवाजे शोधलेस, बस्त्याव. माझ्या वेळेला भिंत कशी काय लागली?

तुझा हा खरेपणा म्हणावा की भित्रेपणा, मी अजून ठरवलेलं नाही. ठरवून उपयोगही नाही.

शेवटी हॉस्पिटलातून फोन आला. भेटायला हेलनलाही सोडत नव्हते. तिथे तुझ्या लग्नाच्या बायकोचं चालेना, माझं काय चालणार? नर्सने तुझ्या कानाला फोन धरला होता. तू दोनच शब्द बोललास. "ताई, ये." ना कायदा, ना पक्ष. लहानपणी अंधारात परसाकडे जायला सोबत मागायचास, त्याच आवाजात. मी म्हटलं, "येते." दुसरं काय म्हणायचं होतं?

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. पेटी खाली गेली की पहिली मूठ घरातल्या सगळ्यात मोठ्याची. आईच्या वेळी माझी पहिली, मग तुझी. तुझ्या वेळी काय करायचं? मी परसातल्या कढीपत्त्याशेजारची माती उकरली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरली आणि डबा मांडीवर घेऊन टॅबसमोर बसले. लीना, जावई, निकी काळ्या कपड्यांत सोफ्यावर. तिकडे कबरीशी मोजकी माणसं, लांब लांब उभी. हेलनचा चेहरा मास्कमुळे दिसेना. पेटी खाली जायला लागली, मी मूठ भरली, आणि चित्र थिजलं. फादरचा हात हवेत तसाच.

निकीने काय काय दाबलं. चित्र परत आलं तेव्हा मास्क लावलेली दोन माणसं फावड्याने खड्डा बुजवत होती. हाताने माती टाकायची नाही असा तिकडे नियम होता म्हणे, संसर्गाचा. म्हणजे तुझ्यावर कोणाचीच मूठ पडली नाही. माझीही नाही. मी तशीच मूठ आवळून बसलेली.

निकी म्हणाली, "आजी, यू कॅन स्टिल डू इट."

मी म्हटलं, "कुठे टाकू? टॅबवर?"

पोरगी रडायला लागली. मी माती परत डब्यात टाकली आणि हात धुऊन आले.

तो डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. लीना म्हणते, आई, यात मामाच्या नावाने कढीपत्त्याचं रोप लाव. झूमवर रोझरीची प्रार्थना म्हणायला जमतो त्यातल्या बायकाही म्हणाल्या, किती छान कल्पना. सगळ्यांना काहीतरी हिरवं बघायचं आहे.

तुला येते म्हटलं होतं, ते काही होत नाही. उद्या विमानं सुरू झाली तरी या गुडघ्यांवर लंडन होत नाही. माती तिकडे नेऊ देणार नाहीत, तुला माझ्याहून जास्त माहीत. आणि खड्डा उघडा असताना वरून टाकायची असते ती. आता गवत आलं असेल तुझ्यावर.

तेव्हा वचन एवढंच देते. त्या डब्यात मी काही लावणार नाही. तू उगवणार नाहीस, आणि मी रोज पाणी घालून, पान फुटलं का, म्हणून वाकून बघणार नाही.

तुझी ताई,
मोनिका