नेकनूरला सगळ्यांनी हात वर केले

३ जून, सकाळी
पीएच.डी.च्या कोर्सवर्कचा सांख्यिकीचा पेपर ऑगस्टमध्ये. दुसरी आणि शेवटची संधी. नापास झालो तर नोंदणी रद्द, आणि कॉलेजात जन्मभर तासिका तत्त्वावर. घाबरण्याचं कारण नाही. पाटोद्याच्या चौकात माइक बंद पडल्यावरही ज्यानं सभा धरून ठेवली, त्याचं सरासरी काय वाकडं करणार? गाइड राधाकिशन सरांनी ऑनलाइन कोर्सची लिंक पाठवली. फुकट, आणि अनेक भाषांत. ज्ञान मातृभाषेत! याला क्रांती म्हणतात. उद्यापासून सुरुवात.

४ जून
पाठ पहिला, मराठीत. ‘प्रमाण विचलन’पाशी अडलो. हिंदीत लावला, तिथे ‘मानक विचलन’. मग इंग्रजी. शेवटी तेलुगू, नुसता सूर ऐकायला. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आश्वासक. भीती निम्मी गेली. बायको, सत्यशीला, म्हणाली, आवं, खालची गणितं तर सोडवा. गणितं सोडवणं ही परीक्षार्थी वृत्ती. मी विचार आत्मसात करतोय.

१९ जून
अभ्यास नाही, पण प्रबोधन झालं. जुना विद्यार्थी बजरंग नेकनूरला क्लास चालवतो. त्यानं व्याख्यान ठेवलं: ‘सांख्यिकीची भीती: गुलामीचा शेवटचा अवशेष’. दीड तास बोललो. शेवटी म्हटलं, ज्यांची भीती गेली त्यांनी हात वर करा. बजरंग माइकवर म्हणाला, करा रे लवकर, मग पंगत बसवू. मंडपभर हात. शंभर टक्के! शाल मिळाली. माझा पहिला सर्वे.
घरी सांगितलं. सत्यशीला म्हणाली, अन् मधीच उठून गेले त्यायला कुणी इचारलं? मी म्हटलं, गेलेल्यांचं मत कोण धरतं?

२ ऑगस्ट
पेपर उद्या. ॲप म्हणतं, पहिला पाठ अपूर्ण. ॲपला आकलन मोजता येत नाही. मधल्या काळात सहा व्याख्यानं झाली, ती कुठे धरली?

३ ऑगस्ट
गणितं सोडून दिली, तो तपशिलाचा भाग. पण प्रश्न पाचवा: ‘योग्य नमुना निवडीचे उदाहरण द्या.’ नेकनूर लिहिलं. मंडप, हात, पंगत, काही लपवलं नाही. पुरवणी लावली. शेवटचं वाक्य लिहिताना टाळ्या ऐकू आल्यासारखं वाटलं.

२८ ऑगस्ट, दुपारी
नापास. नोंदणी रद्द.
राधाकिशन सरांचा फोन. पेपर तपासायला त्यांच्याकडेच होते. म्हणाले, नेकनूर वाचलं अन् ओळखलं, हे तुमीच. मग म्हणाले, पुढच्या बॅचला मी हेच शिकवणार हाय, नमुना कसा घेऊ नये ते सांगायला. याच्याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं न्हाई.
म्हणजे नोंदणी गेली, पण मी अभ्यासक्रमात आलो. किती डॉक्टरांच्या नशिबी हे येतं?
सत्यशीलाला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं नाव घालणार हायत का त्यात?
ते विचारायचं राहिलं.