तुळशीच्या बुडाशी पुरलेली तार

अण्णा, परवा आमच्या घरातल्या स्टिरिओतून बारीक खरखर यायला लागली. लेकानं हौसेनं आणलाय, दोन उंच पेट्यांचा. गाणं चालू असताना मागून कुणीतरी वाळक्या पाचोळ्यावरून चालल्यासारखा आवाज. लेक उठला आणि एकेक बघायला लागला. या पेटीची वायर त्या पेटीला लाव, बटण पुढंमागं फिरव, भिंतीतला प्लग काढून दुसरीकडं घाल. हे न्हाय, ते न्हाय, मग काय राहिलं? मी खुर्चीत बसून बघत होते आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. पंच्याहत्तरी उलटलेली बाई मी, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. तरी तो एकेक गोष्ट बाद करत पुढं सरकायला लागला तशी मला भीती वाटायला लागली. लेकानं विचारलं, आई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, उकडतंय. शेवटी वायरीचं एक टोक सैल निघालं, त्यानं आवळलं, खरखर गेली. माझी भीती काही गेली नाही. दोन दिवस झाले, म्हणून लिहायला बसले.

तुमचा रेडिओ तुम्ही असाच तपासायचात. कोर्टात नक्कलनवीस तुम्ही. निम्मी नोकरी उर्दूत केलेली, निजामाचं राज्य गेल्यावर चाळिशीत पुन्हा मराठी मसुदे गिरवलेत. पण सवयी जुन्याच. कागदाच्या गठ्ठ्याला मिसल म्हणायचात आणि रेडिओचीसुद्धा एक मिसल उघडली होती. कोणत्या तारखेला काय बिघडलं, काय तपासलं, काय शाबित झालं, सगळं बोरूनं लिहिलेलं. धाराशिवात आपल्या गल्लीत तेव्हा वीज नव्हती, रेडिओ विटेएवढ्या बॅटरीवर चालायचा. एक तार माळवदावर दोन बांबूंना ताणलेली आणि दुसरी जमिनीत जाणारी. त्या दुसरीला तुम्ही अर्थ म्हणायचात, इंग्रजीतला, म्हणजे जमीन. आत्या विचारायची, या तारेचा अर्थ काय रे? तुम्ही म्हणायचात, अक्का, हाच अर्थ. ती चिडायची आणि तुम्ही मिशीत हसायचात. त्या तारेच्या टोकाला तांब्याचा पत्रा लावून तुम्ही तो पुरलात तुळशीवृंदावनाच्या बुडाशी, कारण तिथली माती कायम ओली पाहिजे आणि अख्ख्या घरात रोज न चुकता पाणी पडतं अशी जागा तीच एक. आई जाऊन चार वर्षं झालेली. आत्याचं वय उलटलेलं. मी बारा वर्षांची. म्हणजे बाजूला बसणारं घरात कुणीच नाही, तुळशीला खाडा पडायचा प्रश्नच नाही. तुमचा हिशेब बरोबर होता अण्णा, फक्त एक वर्ष पुरला.

आत्या वाईट नव्हती, हे आधी सांगते. तुमची थोरली बहीण, अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. माझ्या शाळेला तिचा विरोध होता तो तिच्या परीनं काळजीपोटी. बेंबळीचं एक स्थळ तिनं हेरून ठेवलं होतं, जमीनजुमला असलेलं, आणि पोरगा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. तुम्ही दोघं एकदा त्यावरून भांडलात. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. शेवटी तुम्ही म्हणालात, शहाणी होईपर्यंत शिकू दे. आत्या म्हणाली, झाली की मग शाळा बंद? तुम्ही म्हणालात, बंद, शब्द देतो. मला गंमत वाटली होती तेव्हा. शाळेत माणूस शहाणं व्हायला जातं आणि आमच्या घरात शहाणं झालं की शाळा बंद! त्या शब्दाचा बायकांतला अर्थ मला पुढच्या वर्षी, सातवीत, शिमग्याच्या आठवड्यात कळला.

काय झालंय ते मैत्रिणींमुळं ठाऊक होतं. काय करायचं तेही मी पाच मिनिटांत ठरवलं: कुणाला सांगायचं नाही. धुणं घेऊन ओढ्याला मीच जायची, तिथं लपवता येत होतं. आत्याला फसवायची मला भीती नव्हती, खरं सांगते. स्वैपाकघरात गेले, पाणी भरलं, तिच्या ताटात वाढलंसुद्धा. पण तुळशीपुढं तांब्या घेऊन उभी राहिले आणि हात उचलेना. आत्या नेहमी सांगायची, विटाळाचं पाणी पडलं तर तुळस जळते. जळली तर सगळ्या गल्लीला कळणार, काय झालंय ते. आणि जळली नाही तरी देवाच्या वहीत लिहिलं जाणारच. मग मी वृंदावनाला वळसा घालून पलीकडच्या लिंबाच्या बुडाशी तांब्या रिकामा केला. आत्याची नजर अधू होती, तिला पाण्याचा आवाज तेवढा ऐकू जायचा. चार दिवस लिंबाची चैन झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांच्या मागून बारीक खरखर आली. तुम्ही मान तिरकी करून ऐकलंत. माळवदावर जाऊन वरची तार पुसलीत. पाचव्या दिवशी आवाज आपोआप गेला आणि तुम्ही मिसलीत लिहिलंत, एरियलवर धूळ. मी सुटले म्हटलं. चैत्रात पुन्हा आली. या वेळी तुम्ही बॅटरीचे खिळे घासलेत, एक व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवलात, आणि पुन्हा दोन दिवसांनी आवाज गेला. आत्या म्हणाली, अवसेला वारं फिरतं, त्याचं असेल. तुम्ही पंचांग उघडून बघितलंत, तिथी जुळेना. मग तुम्ही मिसलीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहून मधले दिवस मोजलेत. मी तुम्हाला चहा द्यायला आले होते आणि वरून तो कागद दिसला. सत्तावीस. माझ्या अंगातली गोष्ट तुमच्या वळणदार अक्षरात कागदावर होती आणि तुम्ही तिच्याकडं चष्मा पुसून पुसून बघत होतात. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर तुम्ही नुसतं हूं म्हणालात तरी वाटायचं, कळलं यांना.

वैशाखात मला आधीच माहीत होतं काय होणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पाणी घालावं तर पाप, न घालावं तर तुम्ही त्या खुर्चीत बसून ऐकणार. नाही घातलं. ऊन असं की तिसऱ्या दिवशी आवाज बातम्यांच्या वर चढला. वरची तार झाली, बॅटरी झाली, व्हॉल्व्ह झाले, राहिलं एकच. तुम्ही उठून परसात निघालात, वृंदावनाच्या बुडाशी उकिडवे बसलात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. तुम्ही मातीत बोट घातलंत. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि कोरडं बाहेर आलं. मग तुमची नजर पलीकडं लिंबाकडं गेली. त्याच्या बुडाशी चांगलं ओलं आळं झालेलं, सकाळचंच पाणी. तिथून तुमची नजर माझ्याकडं आली. किती वेळ होती ते मला आजही सांगता येणार नाही. मला वाटलं, आता विचारणार. आणि तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटं बोलू शकले नसते, आणि मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिलेला शब्द मोडू शकला नसतात.

तेवढ्यात आत्या ओसरीवरून म्हणाली, तिथं काय बघतोयस, पोरगी रोज घालते की पाणी, मी ऐकते ना.

तुम्ही हात धोतराला पुसलात. म्हणालात, "वैशाखाचं ऊन आहे, अक्का. घातलेलं पाणी मुळापर्यंत पोचतच न्हाय. उद्यापासून तुळशीला मी घालतो."

संध्याकाळी मिसलीत तुम्ही लिहिलंत: अर्थ कोरडा; कारण, ऊन. मी ते चोरून वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट जास्तच भ्याले. कोर्टाच्या कागदात काना-मात्रा चुकला तर अख्खं पान पुन्हा लिहिणारा माणूस तुम्ही, आणि माझ्यासाठी खोटं लिहिलंत. की खरंच ऊन वाटलं तुम्हाला? हे मला कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून मी तुमच्याशी नीट बोलले नाही, अण्णा. तुम्हाला वाटलं असेल पोरगी मोठी झाली, लाजते. लाजत नव्हते, भीत होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही हायस्कुलाचा फॉर्म घेऊन आलात आणि मला म्हणालात, सही कुठं करायची ते दाखव. मी बोट ठेवलं, तुम्ही केलीत. एवढंच.

आता जे सांगायचं ते सांगते. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही कोर्टाच्या कामानं लातूरला गेलात, तीन दिवसांसाठी. जाताना आत्याला सांगितलंत की पाणी तेवढं बघ. पाऊस अजून नव्हता. दुसऱ्या दिवशी माझी बाजूला बसायची वेळ आली. सकाळी आत्या पाट घेऊन थेट वृंदावनासमोर येऊन बसली आणि म्हणाली, घाल, तो नाहीये तर आपल्याकडून खाडा नको. दोन हातांच्या अंतरावर बसली होती, एवढ्या जवळचं तिला दिसायचं. लिंबाकडं वळायला जागाच नव्हती. डोकं दुखतंय म्हटलं असतं तर तिनं लगेच ओळखलं असतं, बायकांना ते कारण पाठ असतं. तुम्ही केलेली सही, ती शाळा, सगळं त्या तांब्यात होतं. मी डोळे मिटले आणि घातलं. सगळा तांब्या, थेंब न ठेवता. आत्या म्हणाली, सावकाश की गं, माती उडतेय.

तुळस जळली नाही. रोज उठून पहिल्यांदा तिची पानं बघायचे. पावसात ती दाट झाली, मंजिऱ्या आल्या. दिवाळीत आत्याला माझं कळलं. तिनं तुम्हाला शब्दाची आठवण दिली आणि तुम्ही म्हणालात, नाव घातलंय, वर्ष पुरं होऊ दे. मग माघात तुम्हाला ताप आला. डॉक्टर म्हणाले विषमज्वर, एकविसावा दिवस उलटला की धोका टळला. उलटला नाही. तुमच्या उशाशी बसून मी तुमच्या पायाला हात लावायला भीत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्या मला शाळेतून काढेल असं सगळे म्हणत होते. बेंबळीहून माणसंही येऊन गेली. आत्या त्यांना म्हणाली, "त्यानं घातलेलं नाव मी काढणार न्हाय." ती गेली तेव्हा मी मास्तरीण झाले होते.

पुढं मी तीस वर्षं पोरींना शिकवलं की तुळस पाण्याअभावी वाळते, आणि विषमज्वर घाण पाण्यानं होतो. ज्या पोरी त्या चार दिवसांत माझ्या वर्गात मागं बसायच्या त्यांना पुढं बोलवून बसवलं. त्यांच्या आया भांडायला यायच्या, त्यांना मी दोन वाक्यांत गप्प करायची. लोक म्हणायचे, बाई कुणाला भीत नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाय, म्हणून लिहवलं. तो तांब्या घातला तो ज्येष्ठ, तुम्ही गेलात तो माघ, आठ महिने, अण्णा. तुम्हाला नेलं त्या दिवशी मी ते बोटांवर मोजले होते, आणि इतकं शिकून, शिकवून, अजून मोजते.