चौथा दावा

चाचा, तुमच्या चेनच्या रनरच्या पेटंट-अर्जावर आक्षेप लिहिणारी मी होते. हे एक वाक्य तुम्ही असतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या वर्षांत मी ते कितीतरी वेळा मनात जुळवलं, पण दरवेळी सुरुवात दुसरीकडूनच व्हायची. आधी उन्हाची गोष्ट, मग आईच्या तब्येतीची, मग तुमच्या गुडघ्याची, आणि मुद्द्यावर येईपर्यंत तुम्ही मनातल्या मनातच उठून मशीनवर जाऊन बसलेले असायचे. म्हणून आज आधी तेच लिहून टाकलं. आपण वऱ्हाडीत बोलायचो. लिहायला बसले की माझा हात शाळेतल्या मराठीकडे जातो, तेवढं समजून घ्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडल्यावर तिसऱ्या गल्लीत तुमचं दुकान. आई तुमच्याकडे शाळेच्या बॅगा शिवायला होती आणि माझी शाळा सुटली की मी सरळ तिथेच यायचे. रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायचे. तुमच्या बॅगा अमरावतीला जायच्या, अचलपूरला, अंजनगावला जायच्या, आणि प्रत्येक बॅगेवर त्या त्या व्यापाऱ्याच्या दुकानाचं लेबल असायचं. ती लेबलं तुम्हीच शिवायचे, अगदी सरळ, चारी कोपरे पक्के. तुमचं नाव कुठेच काहून नसते, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही दोरा दातानं तोडला आणि म्हणालात, "माहं नाव आतल्या शिवणीत असते बेटा. तिथं कोनी पाहात नाही."

शिवण्यापेक्षा दुरुस्तीचीच गर्दी जास्त. चेन लागत नाही म्हणून लोक बॅगा घेऊन यायचे. चेन मागे सरकते पण दात जुळत नाहीत, नाहीतर आतलं अस्तर रनरमध्ये, म्हणजे चेनवरून सरकणाऱ्या त्या तुकड्यात, येऊन अडकतं. चेन चांगलीच असते, रनरचं तोंड फाकते, असं तुम्ही प्रत्येकाला समजावून सांगायचे, पकडीनं ते तोंड दाबून द्यायचे, आणि महिन्याभरात तोच माणूस तीच बॅग घेऊन परत यायचा; मग रनरच बदलावा लागायचा. ते तुम्हाला लागायचं. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही तो काढलेला रनर बोटांत धरून उजेडाकडे करून बघत राहायचे. मी सातवीत असताना एका बाईची फाटकी बॅग बघून म्हटलं होतं की ही आता फेकायची झाली, नवीन घ्या. तुम्ही तिच्यासमोरच मला बोललात. वस्तू तिची आहे, ती कामाची की बिनकामाची ते तिला ठरवू दे, तू कोण? आई मान खाली घालून मशीन चालवत राहिली.

मी इंजिनिअरिंगला अमरावतीला निघाले तेव्हा तुम्ही मला एक बॅग शिवून दिलीत. ड्रॉइंगच्या तासाची लांब पट्ट्यांची मिनी ड्राफ्टर ठेवायला तिला एका बाजूनं तिरका लांब कप्पा होता. वर्गात सगळ्यांच्या ड्राफ्टर बॅगेतून बाहेर डोकावत असायच्या, माझी आत. चार वर्षं ती बॅग मी अकोला-अमरावती एसटीत मांडीवर घेऊन फिरवली. पुढे परीक्षा दिली आणि पेटंटच्या सरकारी कार्यालयात लागले, दूरच्या शहरात. सुटीत आले तेव्हा तुम्ही माझं काम काय ते विचारलंत. मी सांगितलं, कोणी म्हणतो की मी नवीन वस्तू काढली, तर ती खरंच नवीन आहे का ते जगभरच्या जुन्या कागदांत शोधायचं. तुम्ही विचारलंत, म्हणजे चोर पकडते? चोर नसतात चाचा, मी म्हटलं, दोन माणसांना दोन देशांत एकच गोष्ट सुचते, ज्यानं आधी लिहून ठेवली त्याची. त्या दिवशीच अर्ज करायचं तुमच्या मनात आलं असेल, असं मला आता वाटतं.

तीनेक वर्षांनी एका सकाळी माझ्या वाट्याला आलेल्या अर्जांत एक हिंदीतला अर्ज होता. चेनचा रनर. अर्जदाराच्या रकान्यात तुमचं नाव, खाली गल्लीचा पत्ता, अकोला. मजकूर कुठल्यातरी सायबर कॅफेत टाइप करून घेतलेला, पण आकृत्या तुमच्या हातच्या. तुमची रेघ मला कुठेही ओळखू येते. रेक्झिनवर खडूनं काढायचे तशीच, शेवटाला किंचित आत वळलेली. तेव्हाच उठून साहेबांना सांगायचं होतं की अर्जदार माझ्या घरच्यासारखा आहे, हे काम दुसऱ्याला द्या. नियम तोच आहे आणि सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही. दुसरा कोणी हिंदी अर्ज म्हणून वरवर चाळेल, मी निदान मन लावून वाचेन, असं मी स्वतःला समजावलं.

अर्जात चार दावे होते, म्हणजे आपलं नवं काय ते सांगून त्यावर हक्क मागणारी चार कलमं. पहिल्या तिन्हींत मिळून एकच गोष्ट: रनरच्या अंगाला एक बारीक स्क्रू, तोंड फाकलं की घरच्या घरी तो पिळायचा, तोंड पुन्हा आवळतं. दुसऱ्याच दिवशी मला परदेशातला एक जुना कागद सापडला. तोच स्क्रू, त्याच जागी. तुमच्या जन्माच्याही आधीचा. तो कागद तुम्ही बापजन्मी पाहिलेला नव्हता हे मला माहीत होतं, पण कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. चौथा दावा मात्र वेगळा होता. रनरच्या आत त्याच पत्र्यातून कापलेली एक छोटी जीभ. स्क्रू आवळला की तीही खाली येते आणि अस्तराला दातांपासून दूर लोटते. म्हणजे एका पिळात दोन्ही खोड्या जातात. त्या जुन्या कागदात हे नव्हतं. याच्यासाठी वेगळा शोध घ्यायला हवा होता, चार-पाच दिवसांचं काम. आणि तिथे मला भीती वाटली. चौथा दावा मी राहू दिला आणि उद्या कोणी म्हटलं की हा तिच्या गावचा, तिच्या आईचा मालक? त्या भीतीपोटी मी तुमच्याशी जितकी कडक वागले तितकी कुठल्याही परक्या अर्जदाराशी कधी वागले नव्हते. मी आमच्याकडचं ठरलेलं वाक्य लिहिलं: चौथ्या दाव्यातला बदल या कामात कुशल असलेल्या कोणत्याही व्यक्तीला सहज सुचण्यासारखा आहे. तसं ठरलं की पेटंट मिळत नाही. शोध घेतला नाही. वाक्य लिहिलं आणि अहवाल पुढे पाठवला.

दोन महिन्यांनी मी आईला बघायला अकोल्याला आले. तुमच्या पाया पडायला दुकानात गेले, तर तुम्ही गल्ल्याखालून प्लॅस्टिकची पिशवी काढलीत आणि तिच्यातून तो अहवाल. तुमचा मुलगा तेव्हा पुण्याला कामाला होता, आणि गल्लीतल्या कोणालाही ते इंग्रजी धड लावता येत नव्हतं. "तुले सांगितलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "तू त्याच हाफिसात. तुह्यावर भार झाला असता. पन आता हे काय लिवलं ते वाचून दे."

मी वाचून दिलं, चाचा. तुमच्या स्टुलावर बसून माझीच वाक्यं एकेक करून मी तुम्हाला मराठीत सांगितली. परदेशातल्या कागदाचं ऐकल्यावर तुम्ही मान डोलावलीत, आपल्या आधी कोणाला सुचलं असेल तर त्याचंच ते, असं म्हणालात. मनात कुठेतरी तुम्हाला बरंही वाटलं असावं, कारण त्या माणसाचं गाव कोणतं, तो बॅगाच शिवायचा का, असं तुम्ही दोनदा विचारलंत. मग चौथा दावा आला. ते वाक्य मी वाचलं. तुम्ही ते पुन्हा वाचायला सांगितलंत. मी पुन्हा वाचलं. मग तुम्ही विचारलंत, "कुशल म्हंजे? ज्याले हे काम येते तोच ना?" मी हो म्हटलं. तुम्ही चहा मागवलात. मी एखादा वकील गाठा म्हणाले, तेवढंच मला सुचलं.

तुम्ही वकील गाठला नाहीत. उत्तर मुदतीत आलं, हिंदीत, आणि माझ्याच टेबलावर आलं. पहिल्या तीन दाव्यांबद्दल तुम्ही लिहिलं होतं की ते मी मागे घेतो, तो मान त्या परदेशी कारागिराचा. चौथ्याबद्दल चारच ओळी होत्या आणि त्या मला पाठ आहेत: इस काम में कुशल व्यक्ति मैं हूँ। चालीस साल से यही काम करता हूँ। मुझे यह बात सहज नहीं सूझी, सात साल लगे। जिस साहब को सहज लगी, वे एक दिन मेरी दुकान पर आएँ।

त्या चार ओळी वाचल्यावर मात्र मी साहेबांकडे गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. पण त्यांच्या खोलीत माणसं होती, आणि मी एवढंच म्हटलं की या अर्जात सुनावणी ठेवावी असं मला वाटतं. त्यांनी ठेवली. तुम्हाला नोटीस गेली. सुनावणीच्या नऊ दिवस आधी आईचा फोन आला, तुम्ही मशीनवर बसल्या बसल्याच गेलात म्हणून. मी आले. तुमचा मुलगा दारात उभा होता, पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला, त्याला सुनावणीबिनावणी काही ठाऊक नव्हतं. त्याला ते सांगायची ती वेळ आहे का, असं मी स्वतःलाच विचारलं आणि माझ्या सोयीचं उत्तर घेतलं. सुनावणीला अर्जदारातर्फे कोणीच हजर झालं नाही. अर्ज फेटाळल्याच्या आदेशात चौथ्या दाव्याखाली माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. फक्त आता त्याच्याखाली साहेबांची सही होती.

तेव्हापासून ते वाक्य लिहायची वेळ आली की तुम्ही येता. भीती वाटावी असं काही नसतं. टेबलाच्या पलीकडे उभे राहता, बोटांत रनर धरून, तो उजेडाकडे करून बघत. माझ्याकडे बघत नाही. औषधाच्या यंत्राचा अर्ज असो की पंपाचा, कुशल व्यक्ती हा शब्द आला की मला तुमचे हात दिसतात, अंगठ्यावर सुईचे जुने डाग असलेले. सुटीत भावाकडे येताना अमरावतीच्या बसस्टँडवर मागे कोणाची चेन कर्रकन ओढली गेली की मी वळून बघते. माझ्याबरोबर काम करणारे म्हणतात, ही आताशा फार शोध घेते, एका अर्जाला दोन अर्जांचा वेळ लावते. लावते खरी.

मागच्या वर्षी एका मोठ्या परदेशी कंपनीचा अर्ज माझ्याकडे आला. प्रवासी बॅगांचा रनर. पानंच्या पानं मजकूर, संगणकावर काढलेल्या आकृत्या, आणि मधोमध ती जीभ. आवळताना खाली येणारी, अस्तर दूर लोटणारी. त्यांचा मुख्य दावाच तो होता, आणि असली कल्पना या कामात कुशल असलेल्याला सहज सुचणारी का नाही हे समजावून सांगायला त्यांनी दोन पानं खर्ची घातली होती. मी पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं की असाच एक जुना अर्ज माझ्या ओळखीच्या माणसाचा होता. माणूस हयात नसेल तर अडचण नाही, तुम्हीच बघा, असं ते म्हणाले. मग मी तो शोध घेतला जो तेव्हा घ्यायचा राहिला होता. जपानी, जर्मन, चिनी, जिथपर्यंत हात पोचला तिथपर्यंतचे कागद उलगडले. अकरा दिवस लागले. साऱ्या जगात ती जीभ एकाच कागदात निघाली, चाचा. तुमच्या. फेटाळलेला असला तरी अर्ज प्रसिद्ध झालेला होता, आणि प्रसिद्ध झालेला कागद पुढच्या प्रत्येकाच्या वाटेत उभा असतो. मी अहवालात लिहिलं की ही कल्पना यापूर्वीच प्रसिद्ध झालेली आहे, आणि पुढे तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, आणि अकोला. कंपनीनं तो दावा वगळला.

त्या अहवालाची छापील प्रत घेऊन मी गेल्या आठवड्यात अमरावतीहून अकोल्याला गेले. अमरावतीला भावाकडे सुटीवर आले होते. तुमचा मुलगा आता दुकान बघतो; शिवणकाम बंद आहे, फक्त दुरुस्ती. त्याच्या पुढ्यात बसून मी ती ओळ वाचली आणि तिचा अर्थ सांगितला. त्यानं पुन्हा वाचायला सांगितली. मग हात पुसून कागद घेतला, तुमच्या नावावरून बोट फिरवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन आपल्या बायकोला दाखवून आला. परत येऊन बसल्यावर त्यानं जे विचारलं ते तो विचारणार हे मला माहीतच होतं.

"मंग तवा अब्बाचं काहून नाकारलं?"

मी म्हटलं, तेव्हा ज्यानं तपासलं त्यानं नीट शोधलं नाही.

"तो माणूस अजून हाय का तिथं?"

मी म्हटलं, नाही, त्याची बदली झाली.

बरं झालं, असं म्हणून त्यानं चहा मागवला, आणि मी तो प्याले. हे सगळं मी अकोल्याच्या बसस्टँडवर लिहायला घेतलं आणि अमरावतीला आल्यावर पूर्ण केलं. पाठवायचं म्हटलं तर पत्ता एकच आहे, आणि त्या पत्त्यावर पत्र उघडणार तुमचा मुलगा. उद्या पाकीट आणेन, असं मी चार दिवस स्वतःला सांगते आहे. पोस्ट भावाच्या घरासमोरच आहे.