बाबांचा पलंग

आई,

आमोनदेव तुला धडधाकट ठेवो, असं मी रोज उगवत्या सूर्याला सांगतो. मी बरा आहे. इजिप्तपासून इतक्या दूर, नुबियातल्या या सैन्याच्या ठाण्यावर भाकरी पोटभर मिळते. मधूनमधून ताप येतो, त्याचं काही विशेष नाही.

बाबा गेल्याचं नावाड्याकडून कळलं. त्यानंच पाशेददादाचं बोलणं सांगितलं, "पलंग बाबांबरोबर थडग्यात जाणार. त्यांनी तिथं काय जमिनीवर झोपायचं?"

आई, पलंग देऊ नकोस. दादाला सांग, थडग्यात विंचू चावायची भीती नाही, घरात आहे. तुझी लेक मेरित चटईवर झोपलेली असताना विंचू चावूनच गेली. त्यानंतर बाबांनी सिंहाच्या पायांचा हा उंच पलंग केला, तो जित्या माणसांसाठी. मेलेल्यांचा मान राखायलाच हवा. पण आईला विंचवांपुढे टाकून राखलेला मान मी मानणार नाही, देवळातल्या पुरोहितानं सांगितलं तरी नाही. थडग्याच्या भिंतीवर पलंग रंगवा, बाबांना त्यावरही झोप लागेल.

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तेल चोळते ना?

एक सांगून ठेवतो. इथं मेलेल्याला चटईत गुंडाळून वाळूत पुरतात. उद्या माझी तशी बातमी आली, तर दादा मी केलेली तिवई माझ्या नावानं पुरायला मागेल. तीही देऊ नकोस. तिच्यावर भाकरी ठेव आणि जेव.

तुझा,
नख्तमिन